बाईंच्या आवाजाचा व्हॉल्व्ह

बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या एका हातात दवाखान्याची फाईल होती आणि दुसऱ्या हातात त्यांच्या यजमानांचा, काकांचा, हात. काकांना काचबिंदूमुळे दिसत नाही. पायरीपाशी बाई थांबल्या, "एकच आहे, उंच आहे," म्हणाल्या, आणि काका बरोबर पाय उचलून आत आले.

नाशिकरोडला, उपनगर नाक्याच्या बाजूला, माझी रेकॉर्डिंगची खोली आहे. जाहिराती, शाळांच्या गॅदरिंगची गाणी, भजनी मंडळं, असं काहीबाही मी तिथे करते. बाईंना मी ओळखत नव्हते. त्या चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, काका एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूमला होते, एवढं त्यांनी बसता बसता सांगितलं. मग बाईंनी फाईल माझ्यापुढे ठेवली.

"पुढच्या मंगळवारी माझं ऑपरेशन आहे. स्वरयंत्र काढणार आहेत. त्यानंतर मला बोलता येणार नाही."

आवाज घोगरा झाला होता, पण सांगण्याची पद्धत वर्गात सूचना द्यावी तशी होती. त्यांनी पिशवीतून दोनशे पानी वही काढली.

"माझा मुलगा म्हणाला, वाक्यं आधी रेकॉर्ड करून ठेवली तर ती फोनवर बटणासारखी लावता येतात. बटण दाबलं की माझा आवाज. यांना दिसत नाही गं. मी पाटीवर लिहून काय उपयोग?"

वहीत सुवाच्य अक्षरात वाक्यं होती. चहा ठेवलाय, उजव्या हाताला. पुढे पाणी सांडलंय, थांबा. दार मी उघडते. गोळी घेतली का? पुरे झाला शिरा. तुम्हाला ऐकू आलंय, उगाच सोंग करू नका. एका पानावर नुसतं 'हो' पाच वेळा लिहिलेलं होतं आणि पुढे कंसात: आनंदाने, कंटाळून, रागाने, विचारात, झोपेत.

ते पान वाचून मला हसू आलं आणि डोळेही भरले. "उद्या सकाळी सुरू करू," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, बाई माईकसमोर बसल्या. माझ्याकडे दोन माईक आहेत. साध्या माईकवर त्यांचा 'स' टोचत होता आणि घोगरेपणा सर्दीसारखा ऐकू येत होता. म्हणून मी मोठा माईक लावला. त्यात जुन्या रेडिओत असायचा तसा व्हॉल्व्ह आहे: अंगठ्याएवढी काचेची नळी, आत तार तापून लाल होते. त्या माईकवर माणसाचा आवाज जवळ बसून बोलल्यासारखा येतो. बाईंनी तीन वाक्यं वाचली, आणि चौथ्याला हेडफोनमध्ये मोहरी तडतडावी तसा आवाज सुरू झाला.

काका कोपऱ्यात बसले होते. स्पीकरमधून ते ऐकून म्हणाले, "काहीतरी जळतंय."

जळत काही नव्हतं, पण त्यांचं चुकलंही नव्हतं. मी वायर बदलली. माईकचा आवाज वाढवणारा प्रीअँप बदलला. तडतड माईकबरोबरच राहत होती, म्हणजे माईकचा व्हॉल्व्हच गेला होता. राखीव म्हणून ऑनलाइन मागवलेला एक कोरा व्हॉल्व्ह खोक्यात होता, तो लावला, तर तडतड गेली आणि त्याच्या जागी खसखस आली. शिवाय टेबलाला हात लागला तरी आत टण्ण करून घुमायचं. बाईंचा घसा तेवढ्यात थकला होता. त्या कोमट पाणी पीत शांत बसल्या होत्या. "होईल," त्याच मला म्हणाल्या. मला फार लाज वाटली.

मांडवाला साउंड लावणारा एक ओळखीचा होता, त्याला फोन केला. तो म्हणाला, मनमाडला स्टेशनच्या मागे एक चाचा आहेत, जुन्या अँप्लिफायरचं काम करतात, व्हॉल्व्ह असलाच तर त्यांच्याकडेच. शुक्रवारी सकाळची गाडी धरून मी मनमाडला गेले.

चाचा सत्तरीच्या पुढचे. अरुंद दुकान, भिंतीवर भोंगे टांगलेले. मी माझा व्हॉल्व्ह पुढे केला. त्यांनी तो उजेडात धरला, नंबर वाचला, आणि बाकाखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत प्रत्येक व्हॉल्व्ह वर्तमानपत्रात गुंडाळलेला. साउंडवाल्यांनी टाकून दिलेल्या अँप्लिफायरमधून त्यांनी ते वर्षानुवर्षं काढून ठेवले होते.

"बेटा, आधी डोक्यावर बघायचं," त्यांनी एक नळी फिरवून दाखवली. "इथे चांदीसारखा डाग पाहिजे. पांढरा पडला की समज आत हवा शिरली. खलास." दोन त्यांनी तिथेच बाजूला टाकले. मग पाय तपासले, काळे पडलेले ब्लेडच्या मागच्या बाजूने खरवडले. मग त्यांच्या जुन्या टेस्टरवर एकेक लावून काटा पाहिला. काटा भरपूर वर गेला की मी खूश व्हायचे. चाचा मान हलवायचे.

"ताकद बघून काय करते? भोंग्याला ताकद लागते. माईकला शांत माणूस लागतो." त्यांनी व्हॉल्व्ह एका छोट्या अँप्लिफायरला लावला, हेडफोन मला दिला, आणि पेन्सिलच्या रबराने काचेवर हलकेच टिचकी मारली. टण्ण. आवाज घुमत राहिला. "हा नाय." दुसऱ्याला टिचकी मारली, नुसतं टप् झालं आणि विरलं. "हा चालेल."

असं तासभर चाललं. मग त्यांनी सहज विचारलं, "गाणाऱ्याचं काम आहे का?"

मी बाईंचं सांगितलं. ऑपरेशन, वही, काका. चाचांनी पेन्सिल खाली ठेवली. मग निवडून ठेवलेले चार व्हॉल्व्ह त्यांनी पुन्हा डब्याच्या झाकणावर ओळीने मांडले, दुकानाचं शटर अर्धं ओढलं, पंखा बंद केला, आणि पहिल्यापासून सगळे परत तपासायला घेतले. या खेपेला प्रत्येक नळी दहा-दहा मिनिटं तापू दिली. बाहेर एक गिऱ्हाईक आलं, त्याला म्हणाले, "नमाजनंतर ये, भाई. आता काम चालू आहे."

शेवटी तीन उरले. दोन माझ्या नंबरचे. तिसऱ्याचा नंबर वेगळा होता.

"हा त्याच बैठकीत बसतो. ताकद निम्म्याहून कमी. प्रीअँप जास्त वाढवावा लागेल तुला," चाचा म्हणाले. "पण लय शांत आहे. तिन्ही घेऊन जा. आवाज त्या बाईचा, ठरवायचं तिकडे. इथे मी काय ठरवणार? आणि एका वेळी एकच गोष्ट बदल. नायतर कशाने काय झालं ते कळत नाय."

शनिवारी सकाळी बाई आणि काका आले. मी माईक बंद करून वीज पुरती उतरू दिली, पहिला व्हॉल्व्ह बसवला, अर्धा तास तापवला. बाईंनी वहीतलं पहिलं पान वाचलं. मग दुसरा, मग तिसरा, दर वेळी तेच पान. अंतर तेच, खुर्ची तीच. तिन्ही मी सारख्या आवाजावर आणून ठेवले आणि ऐकले. मला दुसरा आवडला. त्यात बाईंचा आवाज भरदार येत होता, घोगरेपणा झाकला जात होता. तिसऱ्यावर आवाज त्या मानाने सडपातळ.

"काका, तुम्हीही ऐका," मी म्हटलं, खरं तर मानापुरतं. कोणता कोणता ते सांगितलं नाही.

काकांनी मांडीवर हात ठेवले, मान थोडी खाली घातली. कंट्रोल रूममध्ये ते असेच बसत असतील. पहिलं ऐकलं, दुसरं ऐकलं. तिसरं सुरू झालं आणि पहिल्या वाक्याच्या आधीच त्यांनी मान वर केली.

"ही," ते म्हणाले.

"अहो, अजून मी बोललेही नाही त्यात," बाई म्हणाल्या.

"तू श्वास घेतलास. बोलायच्या आधी तू घेतेस तसा. त्या दुसऱ्यात आवाज छान आहे, पण श्वास कुठेतरी बुडालाय. घरात तेवढं ऐकलं की मला कळतं, आता ही माझ्याशी बोलणार."

मी परत हेडफोन लावला. मुद्दाम फक्त वाक्यांच्या मधल्या जागा ऐकल्या. दुसऱ्या व्हॉल्व्हची बारीकशी खसखस त्या जागांवर पसरली होती. तिसऱ्यात तिथे बाई होत्या. वीस वर्षं मी हे काम करते, आणि मी वाक्यांमधून श्वास कापून टाकत आले होते. स्वच्छ वाटावं म्हणून.

तिसरा व्हॉल्व्ह ठेवला. शनिवार-रविवार आम्ही पंधरा-पंधरा मिनिटं काम केलं. बाई थकल्या की काका मनमाडच्या पोह्यांपासून टर्बाइनच्या आवाजापर्यंत काहीही बोलत राहायचे, म्हणजे बाईंना बोलावं लागू नये. पाचही 'हो' झाले. रागाचा 'हो' तीनदा घ्यावा लागला, कारण बाईंना हसू येत होतं. अगदी शेवटी त्यांनी वहीत नसलेलं एक वाक्य म्हटलं, काकांच्या नावाने हाक. लग्नानंतर चाळीस-पंचेचाळीस वर्षांत नाव घेऊन हाक मारली नव्हती म्हणे. काका तेव्हा बाहेर चहा प्यायला गेले होते. "त्यांना सांगू नकोस. आपोआप ऐकू दे," बाई म्हणाल्या.

ऑपरेशन नीट झालं. बाईंच्या मुलाने वाक्यं फोनवर चढवली, मी श्वासांसकट प्रत्येक वाक्य वेगळं करून दिलं. दवाखान्यातच त्यांनी ती वापरायला सुरुवात केली. मुलगा सांगत होता, पहिल्या दिवशी 'पुरे झाला शिरा' हे बटण चुकून नर्ससमोर दाबलं गेलं आणि सगळा वॉर्ड हसला.

नाव घेऊन मारलेली हाक काकांनी कधी ऐकली, मला माहीत नाही. पण एका सकाळी त्यांचा फोन आला. म्हणाले, "तू घेतलंस ते पोचलं, बरं का पोरी." आणि ठेवून दिला.

उरलेले दोन व्हॉल्व्ह परत द्यायला मी मनमाडला गेले. चाचांना फोनवर बाईंची चार-पाच वाक्यं ऐकवली. त्यांनी फोन कानाशी धरून ती दोनदा ऐकली. काकांनी व्हॉल्व्ह कसा निवडला ते मी सांगितलं, तेव्हा चाचा मोठ्याने हसले आणि शेजारच्या टपरीवर ओरडून चहा मागवला. मी त्यांचे आभार मानायला लागले, तर म्हणाले, "ते राहू दे. तुझ्या प्रीअँपमध्येपण व्हॉल्व्ह आहे ना? तो किती वर्षांचा? पुढच्या वेळी घेऊन ये, तोही बघू."

तेव्हापासून वर्षातून दोनदा तरी मी मनमाडची गाडी धरते. कधी काम असतं, कधी नसतं. चाचा डबा उघडतात, मला टिचकी मारायला लावतात, आणि मी बरोबर ओळखलं की नुसती मान हलवतात. बाई आता गळ्याला लावायच्या यंत्रावर थोडं बोलायला शिकल्या आहेत, सपाट आवाजात. परवा रस्त्यात भेटल्या. यंत्र गळ्याशी धरून म्हणाल्या, "रागावता येत नाही यातून. त्यासाठी फोनच लागतो." काका शेजारी उभे होते, त्यांच्या दंडाला धरून. दोघं भाजी घ्यायला निघाली होती.