पाटीवरचं मोठं अक्षर

पवनीत मी शिवणाचं दुकान काढलं, तेव्हा पाटी रंगवायला एक पेंटर आला. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. सासऱ्यांनी त्याला सांगितलं, मुलाचं नाव मोठं काढ, खाली सुनेचं बारीक.

पेंटर रस्त्यापलीकडे गेला आणि एक डोळा मिटून कोऱ्या पाटीकडे बघत राहिला. परत येऊन मला म्हणाला, “बाई, मशीन कोण चालवते?”

“मी.”

“मंग मोठं अक्षर तुमचं.”

“असं कायले?” सासरे तडकले.

“बाबाजी, गिऱ्हाईक दुरून येते. कोणाकडे जायचं, हे त्याले पाटीनंच सांगितलं पाहिजे.”

खडूची एकच रेघ मारून त्यानं माझं नाव लाल रंगात काढलं. हात कुठे अडखळला नाही.

तो गेल्यावर सासरे बराच वेळ पाटीखाली उभे होते. मग विळा आणून, पाटीवर आलेली कडुलिंबाची फांदी त्यांनीच छाटली.