धोत्र्याचं आमंत्रण

या सदरात लोक लिहितात त्यातलं निम्मं मला पटत नाही, आणि उरलेल्या निम्म्याला मी अपचन समजते. आमच्या घरात लिंबू येतं ते सरबताला आणि मिरच्या येतात त्या ठेच्याला. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण दोन वर्षं झाली, नवरा सोडून कुणाला सांगितलेलं नाही. तो सगळं शांतपणे ऐकून म्हणाला, "बीपी चेक करून घे." घेतलं. नॉर्मल आहे.

मी डोंबिवली पूर्वेला राहते आणि कल्याणच्या एका फार्मसी कॉलेजात औषधी वनस्पती शिकवते. बावीस वर्षं झाली. मुलांचा आवडता तास म्हणजे नशेच्या झाडांचा. त्या दिवशी मागच्या बाकावरचेही जागे असतात. शेतावर जाणाऱ्या बायका तान्ह्या पोराला अफूची बाळगोळी देऊन झोपवायच्या, भांग महादेवाच्या प्रसादात असायची तशी वैद्याच्या बटव्यातही असायची, जायफळ तर झोप येत नाही म्हणून आजही आपण दुधात उगाळतो. आणि मग धोत्रा. त्याचं बी चारून वाटसरूंना लुटायचे, आणि त्याच्याच पानांचा धूर दमेकऱ्याला द्यायचे. विष आणि औषध यांत फरक फक्त मात्रेचा, हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. पण मोजायला काटा नव्हता तेव्हा ती मात्रा ठरवायचे कशी, हे माझ्या एकाही पुस्तकात नाही.

जनाकाकीला ते येत होतं.

जनाकाकी शीळफाट्याच्या आतल्या एका गावातली आगरी म्हातारी. दर सोमवारी आमच्या गल्लीच्या तोंडाशी, शंकराच्या देवळाबाहेर, बेल, आघाडा आणि धोत्र्याची काटेरी फळं घेऊन बसायची. आमची ओळख झाली ती भांडणातून. मी तिला ऐकवलं होतं, की काकी, ही फळं अशी उघड्यावर ठेवू नका, लहान मुलं हात लावतील, विष आहे ते.

"इख हाय म्हनूनच देवाला देताव, बाय," ती म्हणाली. "तू पोरांना शिकवतंस नं? मंग त्याला इख कवा म्हनाचा नि औषद कवा, ता सांगतंस का?"

नाही सांगत, म्हटलं. मला येतच नाही. तेव्हापासून दर सोमवारी मी तिच्याजवळ दहा मिनिटं टेकायला लागले. झाडपाल्याची विद्या तिच्याकडे सासूकडून आली होती. तिला स्वतःलाही दमा होता. ती फार कमी लोकांना औषध द्यायची, आणि कित्येकांना तर "तुजा काम दवाखान्यान" म्हणून परत पाठवायची. मुलगा गोदामात नोकरीला, सुनेला आवड नाही. विद्या आपल्याबरोबर जाणार याचं तिला वाईट वाटायचं. एकदा तीच म्हणाली, तू शीक. पण घरात बसून नाही.

तिची रीत अशी होती. आदल्या संध्याकाळी झाडाशी जाऊन अक्षता आणि सुपारी ठेवायची आणि ज्याला शिकवायचं त्याच्या नावाने सांगायचं, की उद्या सकाळी अमुक येईल तुला न्यायला. मग उजाडताना दोघांनी जायचं. ऊन यायच्या आत उठायचं, कारण झाडावर माणसाची सावली पडता कामा नये. जे सांगायचं ते तिथेच, झाडासमोर. जुन्या वैद्यांमध्येही ही आमंत्रणाची पद्धत होती, हे मला वाचून माहीत होतं. मला गंमत वाटली. निळ्या कव्हरची एक जाड वही आणली, नवं बॉलपेन आणलं, पहिल्या पानावर लिहिलं — "जनाकाकी. धोत्रा." आणि पेन वहीलाच अडकवून ठेवलं.

पहिल्यांदा तिने बोलावलं तेव्हा कॉलेजात बाहेरचे परीक्षक येणार होते. दुसऱ्यांदा झोप लागून गेली. मग मी शहाणपणा केला. तिलाच घरी चहाला बोलावलं आणि मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून ठेवलं. ती दोन कप चहा प्यायली, सुनेच्या तक्रारी केल्या, आमच्या कुंडीतल्या तुळशीला नावं ठेवली आणि उठून गेली. धोत्र्याचा "ध" काढला नाही.

तिसऱ्यांदा तिने बोलावलं तेव्हा माझ्याकडे काही कारण नव्हतं. पाचचा गजर झाला, मी उठले, तोंड धुतलं, वही पिशवीत टाकली... आणि कंटाळा आला. एवढंच. एवढ्या लांब जायचं, चिखलात बसायचं, पुन्हा घरी येऊन डबे करायचे. मी परत आडवी झाले.

सोमवारी तिने विचारलं, "आयली नायस?"

आणि मी चक्क म्हणाले, "आलेले काकी. तुम्हीच दिसला नाहीत."

मी खोटं का बोलले ते मला अजून कळलेलं नाही. ती तिथे ऊन येईपर्यंत बसून असणार, हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तिला कळत होतं. ती बेलाच्या जुड्या बांधत होती. हात थांबवून तिने माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"आयलीस म्हनतंस, तं आयली आसशील," ती म्हणाली. "मी नाय तं त्या धोतऱ्याच्या झाराने पायला आसल तुला."

त्यानंतर ती मला दिसली नाही. पुढच्या सोमवारी तिच्या जागेवर तिची सून बसलेली होती. दमा उसळला, हॉस्पिटलपर्यंत नेलं, पण गेली. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, तर सून म्हणाली, "तुमीच का त्या मास्तरीनबाई? शेवटपरेंत तुमचाच नाव. माजी मास्तरीन आयली व्हती, तिला शिकवाला घेतलाय, म्हनं. सगल्यांना सांगत व्हती."

मला वाटलं, म्हातारीने माझं खोटं झाकलं. जाताना माझी लाज राखली. घरी येऊन मी ओट्याशी उभी राहून रडले. ती वही कपाटात सर्वांत वर ठेवून दिली.

आठ महिने मी देवळाच्या त्या बाजूने गेलेच नाही. मग एका रविवारी परीक्षेची ड्यूटी लागली आणि तिची बदली सुट्टी सोमवारी मिळाली. पहाटेच देवळाशी सुनेला गाठून झाडाची नेमकी जागा विचारून घेतली. ती जमीन बिल्डरकडे गेली आहे, पण अजून मोकळीच आहे, म्हणाली. मी तांदूळ आणि सुपारी घेतली. काय करणार होते कोण जाणे. माफी मागणार असेन.

सकाळचे सात वाजले होते. पत्र्याच्या गेटवर पन्नाशीचा एक वॉचमन खुर्चीत बसला होता. बोलण्यावरून मराठवाड्याकडचा वाटला. मी म्हटलं, आत जरा झाड बघायचंय. तो उठून उभा राहिला.

"जा की मॅडम. पण आज कशा काय? सोमवारच्या तर येत नाही तुम्ही."

मी म्हटलं, मी पहिल्यांदाच येतेय.

तो हसला. "तीन महिने झाले मला इथं लागून. सोमवार सोडून रोज येताय की. तुम्ही अन् ती म्हातारी. ती सांगत बसती, तुम्ही लिहून घेता. ऊन आलं की उठता." मग माझ्या हाताकडे बघून म्हणाला, "निळी वही नाही आणली आज?"

काकी जाऊन आठ महिने झाले होते. हा माणूस तीन महिन्यांपूर्वी आलेला. सोमवारी ती आमच्या गल्लीत बसायची, हे त्याला कोण सांगणार? मी वहीचा शब्दही काढला नव्हता.

मी आत गेले. कुंपणाच्या कडेला धोत्रा होता, पांढऱ्या फुलांचा, चांगला कमरेएवढा. बुंध्याजवळ गवत बसकं झालं होतं, दोन जागी, समोरासमोर. माझी सावली झाडावर पडली तशी मी मागे सरकले आणि सुपारी तशीच मुठीत घेऊन घरी आले.

स्टूल घेऊन वही काढली. वरच्या धुळीवर एक बोटसुद्धा उमटलेलं नव्हतं. पहिल्या पानावर तेच दोन शब्द, बाकी सगळी पानं कोरी. एकही फाटलेलं नाही, मोजली मी. मग पेन काढून पाहिलं. पारदर्शक नळीचं पेन, आणल्यापासून जेमतेम दोन शब्द लिहिलेलं. नळी रिकामी होती. शाई वाळली असेल म्हणाल, तर वाळलेली शाई नळीत दिसते. मी प्रयोगशाळेतली बाई आहे, एवढं मला कळतं. ही लिहून लिहून संपलेली होती.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. लवकर जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघायला हवं होतं. नाही गेले. नवऱ्याला सांगितलं, भीती वाटली. पण खरं कारण तेवढंच नाही. तिथे ती मला शिकवत बसलेली असेल, तर मी कुठल्या तोंडाने मध्ये जाऊ?

आता तिथे टॉवरचा पाया भरून झालाय. वॉचमनही बदलला. विचारायलाही कुणी उरलं नाही.

यंदाही मी फळ्यावर मात्रेचं ते वाक्य लिहिलं. एका मुलीने हात वर केला. "मॅडम, पण ती मात्रा ठरवायचे कशी?" मला माहीत नाही म्हटलं आणि फळा पुसला. काकीला शेवटी शिकवायला कुणीतरी मिळालं, याचा मला आनंद व्हायला हवा. होत नाही. तिथे मी असायला हवी होते.