बारवेतली रिक्सिया

डांबराच्या गोळ्यांचा वास आला की मला परभणी जिल्ह्यात जिंतूरकडच्या एका गावातली बारव आठवते आणि डोकं फिरतं, कारण आमच्या सरांच्या नमुन्यांच्या खोलीत हाच वास भरलेला असायचा. मी वनस्पतिशास्त्रात एमएस्सीला होते आणि सरांबरोबर नमुने गोळा करायला त्या गावी गेले होते. बारवेच्या खालच्या पायरीवर, दगडांच्या फटींतल्या ओल्या मातीला रिक्सिया या शेवाळासारख्या वनस्पतीच्या रुपयाएवढ्या हिरव्या चकत्या चिकटल्या होत्या. सरांनी भिंग लावलं आणि त्यांचा आवाजच बदलला, "ही जात मराठवाड्यात अजून कुणालाच सापडलेली नाही!" वर्गात हेच सर बजावायचे, नखाएवढा तुकडा घ्या, बाकीचं जागेवर सोडा. इथे मात्र चाकूने सगळंच खरवडायला लागले. बारव झाडणारा म्हातारा कळवळून म्हणाला, "सर, थोडं तर ऱ्हाऊ द्या. मेथी खुडताना बी मूळ ठेवतेत." सर हसले, "आजोबा, शेवाळाची भाजी करता की काय?" मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "ठेवलं तर उद्या दुसरा कुणी येऊन नाव कमवेल. धर पाकीट." मी पाकीट उघडून धरलं. म्हातारा माझ्याकडे बघत होता, सरांकडे नाही. याला संशोधन म्हणायचं? ही सरळसरळ लूट होती. त्यानंतर दर पावसाळ्यात मी तिथे जाते, पायरीवर बसून फटी तपासते, काहीच उगवलेलं नसतं. सरांच्या शोधनिबंधात मात्र छापलंय, 'परभणी जिल्ह्यात आढळते'. धडधडीत खोटं आहे ते, आणि त्या निबंधात मदतनीस म्हणून माझं नाव आहे.