घुमटाखाली आबांना ऐकू आलं

मी सुरतेत शाळेत विज्ञान शिकवायचे. असले अनुभव कुणी सांगायला लागलं की सगळ्यात आधी हसणारी मीच... म्हणून हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही डिंडोलीत राहायचो. माझे वडील, आबा, धुळ्याकडून येऊन आयुष्यभर पॉवरलूमवर राबले. त्या खडखडाटात कान गेले — पार गेले. डॉक्टर म्हणाले होते, नस मेलीये, कानाच्या मशीनचाही उपयोग नाही. आमचं बोलणं ते ओठांवरून ओळखायचे.

एका रविवारी आबांना घेऊन कतारगामकडची आर्मेनियन दफनभूमी बघायला गेले. कधीकाळी या ख्रिस्ती व्यापाऱ्यांचं सुरतेत चर्च होतं, धर्मगुरू होते. आता उरल्यात कोरीव अक्षरांच्या शिळा आणि घुमटाचं एक लहानसं प्रार्थनाघर. भर दुपार, पण आत गार. आबांकडे पाठ करून मी भिंत बघत होते. स्वतःशीच पुटपुटले, "केवढं जुनं असेल हे..."

"जुनं तर व्हईच ना," मागून आबा म्हणाले.

मी गर्रकन वळले. तेही गोंधळलेले!

विज्ञानवाली ना मी... त्यांना बाहेर नेलं, मागे उभं राहून टाळ्या वाजवल्या, हाका मारल्या — काही नाही. आत आणून मागूनच हळू विचारलं, "आबा, पाणी हवंय?"

"नको."

घुमटात आवाज घुमतो, मान्य. पण मेलेल्या कानाला त्याचा काय उपयोग?

मला अजून तपासायचं होतं. आबांना वेगळीच घाई. "तुन्ही मायले लई ये."

पुढच्या रविवारी मायला नेलं. ओठ दिसू नयेत म्हणून आबांनी तिला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. माय लाजली.

"आते काय बोलू मी?... तुम्हले मन्हा आवाज ऐकू येस का?"

आबांनी डोळे मिटले, कान तिच्याकडे केला.

"येस ना वं," ते म्हणाले. "पन कितला बारीक व्हयी गया तुन्हा आवाज!"

मायने पदर डोळ्यांना लावला. मी बाहेर येऊन शिळा बघत बसले. ऊन उतरेपर्यंत दोघं आत बोलत होते.

नंतर कितीदा तरी गेलो. आबांना पुन्हा कधीच ऐकू आलं नाही. कानाच्या डॉक्टरांना सांगितलं, तर त्यांनी हसून विषय बदलला.

त्या दुपारी एवढं काय बोललात, असं मायला एकदा विचारलं होतं.

म्हणाली, "तुले काय करनं शे?"