मध्यंतरानंतरचे मामा

आमच्या खालच्या मजल्यावरच्या मामांनी आयुष्यात एकही सिनेमा शेवटपर्यंत पाहिलेला नव्हता, आणि ज्याचा शेवट मामांना सांगता येत नाही असा सिनेमा अजून निघायचा होता. याला कारण कंपनी. मामा चाकणच्या एका कंपनीत पेंट शॉपला, म्हणजे रंगखात्यात, बीडहून आले तेव्हापासून. दुसरी शिफ्ट असली की मध्यंतराला उठून बस गाठायची, आणि तिसरी करून आलेले असले की थंडगार हॉलमध्ये सुरुवातीची नावं संपायच्या आत घोरायला लागायचं. पण अर्धा पाहिला म्हणून अर्धाच सांगावा, हे त्यांना कधी पटलं नाही. उरलेला ते पदरचा घालत. कंपनीच्या बसमध्ये एकदा त्यांनी एका खुनाच्या सिनेमाचा शेवट सांगितला. मागच्या सीटवरच्या वेल्डरने तो पूर्ण पाहिला होता. तो म्हणाला, "मामा, खून डॉक्टरनं केलाय राव." मामा शांतपणे म्हणाले, "डॉक्टरला टाइम कुठाय? सकाळी ओपीडी, संध्याकाळी ओपीडी. मेव्हणा रिकामा हिंडायलाय, त्यानंच केलाय." महाळुंगे येईपर्यंत वेल्डरसकट सगळ्या बसचं मेव्हण्यावर एकमत झालं होतं. कंपनीत सुरक्षा सप्ताहाची फिल्म दाखवली, तर हेल्मेट न घातलेला कामगार खाली पडतो तिथे नेमकी जेवणाची सुट्टी झाली. मामांनी जेवताजेवता त्याला दवाखान्यातून बरा केला, त्याचं लग्न लावलं आणि वरण-भात संपायच्या आत त्याला पर्मनंटही करून टाकला.

मी या सगळ्याला नावं ठेवायचो. आमच्या घराण्यात पहिला पदवीधर मी, एका कंपनीत हिशेब तपासायला. वडील हमाल होते, अंगठा उठवायचे. बी.कॉम.चं सर्टिफिकेट मी फ्रेम करून दारासमोरच्या भिंतीवर लावलंय आणि त्याची मला लाज वाटत नाही. शिकलेल्या माणसाने जे आहे ते आहे तसं सांगावं, निदान पोरांना तरी, असं माझं ठाम मत. मामा मला 'सायेब' म्हणत. टोमणा म्हणून नाही, खरंच म्हणत. "सायेब, तुमी खरं बोला. तुमाला पगार त्याचा हाय," असं मात्र एकदा म्हणाले होते.

माझी मुलगी सानू सहा वर्षांची होती तेव्हा तिची आई दवाखान्यात होती. दिवस कसे चालले होते ते लिहीत बसत नाही. तेव्हा एक कार्टून सिनेमा आला होता, पाणमांजराच्या पिल्लाचा. आईने तिला घेऊन जायचं कबूल केलं होतं, ते काही जमणार नव्हतं. गुरुवारची कंपनीला सुट्टी होती, म्हणून मामाच म्हणाले, "चल माय, आपण जाऊ." आमच्या सानूला ते पहिल्यापासून माय म्हणतात, त्यांच्याकडे लहान पोरींना तसंच म्हणतात. सिनेमात पूर येतो, पिल्लाची आई वाहून जाते, पिल्लू दगडावर एकटं उभं राहतं आणि मध्यंतर होतं. त्या मध्यंतरात मी मामांना फोन केला. फोनवर मी फक्त "या" एवढंच म्हणू शकलो. मामांनी सानूला सांगितलं की मशीन बिघडलंय, सिनेमा बंद पडला, आणि रिक्षात घालून तिला दवाखान्यात आणलं.

सानूला मी सरळ सांगितलं. आई गेली, आता ती परत येणार नाही. देवाघरी, चांदणी झाली, असलं काही नाही. तिने ऐकून घेतलं. पण पुढच्या आठवड्यात ती खाली गेली आणि मामांना विचारलं, "मग त्या पिल्लाचं पुढं काय झालं?"

पुढचं मामांनी सात-आठ महिने सांगितलं. संध्याकाळी पायरीवर बसून, रोज थोडं थोडं. मी कंपनीतून येताना जिन्यात कानावर पडायचं. पाणमांजराची आई पुरात मेलेली नव्हती, पार धरणापर्यंत वाहत गेली होती, आणि आता नदीच्या उलट्या अंगाने चालत येत होती. वाटेत तिला साखर कारखाना लागला, तिथे मळीच्या वासाने चार दिवस वाट चुकली. मग एमआयडीसी लागली. सानू म्हणायची, "मग आजच येईल ना?" मामा म्हणायचे, "कशी येईल? गेटपास न्हाई तिच्याकडं. वॉचमन सोडंना. म्हणला, आधार कार्ड दाखव." मग त्या बाईने कँटीनला भांडी घासायला कॉन्ट्रॅक्टवर काम धरलं, मागच्या गेटने निघाली आणि इंद्रायणीला लागली. मला वाटायचं, कँटीन वगैरे मामांचं असणार, पण आई परत येते हे सिनेमातलंच असेल, कुणाकडून तरी ऐकलेलं. लहान मुलांच्या सिनेमात शेवटी सगळे भेटतातच. सिनेमा नंतर मोबाइलवर मिळाला असता. पण त्या दिवसाचं काहीच आम्ही घरात पुन्हा लावलं नाही. सात-आठ महिन्यांनी एका संध्याकाळी ती आई एकदाची पोचली. सानू वर आली, जेवली, आणि बऱ्याच दिवसांनी मला न उठवता सकाळपर्यंत झोपली.

चार वर्षांनी त्याचा दुसरा भाग आला. सानू चौथीत. शाळेत सगळ्यांच्या तोंडी तेच. आणि मामांनी, पोस्टरसुद्धा नीट न पाहता, त्या सिनेमाविरुद्ध आघाडी उघडली. "दुसरा भाग म्हंजे सॅम्पल पास झाल्यावरचा माल," ते पार्किंगमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागले. "सॅम्पलला रंगाचे तीन हात मारत्यात, मंग सगळं एकाच हातावर. कशाला जायलाव?"

"पण पाहिला कुणी, मामा?"

"आमच्या शॉपमधल्या एकानं."

"कुणी?"

"हाय एक. रजेवर गेलाय."

सानूला त्यांनी बाग दाखवतो म्हटलं, उसाचा रस पाजतो म्हटलं, तिकिटं संपली म्हटलं. ती हसत म्हणाली, "मामा, तिकिटं मोबाइलवर दिसतात." शेवटी मीच चिडलो. म्हटलं, "लेकराला एक सिनेमा बघायचाय. तुमचं काय जातंय?" मामा माझ्या गाडीच्या सीटवर हात ठेवून उभे राहिले. म्हणाले, "सायेब, ती आई मी आणली."

मला आधी कळलंच नाही.

"पयल्या भागात ती परत येती का न्हाई, मला ठावं न्हाई. आमी तर मधीच उठलो व्हतो. तिनं इचारलं, तवा मला दुसरं काय सुचंना."

मी मोबाइलवर दोन मिनिटांत शोधू शकलो असतो. शोधलं नाही. खरं बोलायचा पगार घेणाऱ्या माणसाला त्या दिवशी भीती वाटली. उलट मीच म्हणालो, "असेलही आली. जाऊ आपण तिघं." मामा म्हणाले, "आलेली असली म्हंजे बरं."

गुरुवारी शाळा सुटल्यावर संध्याकाळच्या खेळाला गेलो. सानू मध्ये, एका बाजूला मी, एका बाजूला मामा. दहा मिनिटंही झाली नसतील. पिल्लू आता मोठं झालेलं, नदीकाठी बसलेलं. एक म्हातारं कासव लहान पोरांना हळूच सांगतं, त्याला त्रास देऊ नका रे, त्याची आई त्या पुरातच गेली. सानूने मान वळवून मामांकडे पाहिलं. पडद्याच्या उजेडात मामांचा चेहरा मलाही दिसला. ते समोर बघत राहिले. घोरले नाहीत, मध्यंतराला उठले नाहीत, शेवटची नावं संपून झाडूवाला आला तरी बसून होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक सिनेमा पूर्ण पाहिला.

खरं सांगायचं तर दुसरा भाग वाईट नव्हता. पाणी इतकं खरं काढलं होतं की पाय वर घ्यावेसे वाटत. ते पिल्लू शेवटी दुसऱ्या अनाथ पिलांना पोहायला शिकवतं, तिथे मागे कुणीतरी नाक ओढत होतं. बाहेर आल्यावर काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "कसा होता गं?"

"पहिल्यासारखा नाही," सानू म्हणाली. मग मामांना म्हणाली, "पहिल्यात आई आली होती ना?"

मामांना अजूनही बोलता आलं असतं. कासवाला काय कळतंय, म्हातारं झालंय ते, असं काहीतरी त्यांनी चुटकीसरशी जुळवलं असतं. माझी तर तीच अपेक्षा होती, आणि इतकी वर्षं त्यांना नावं ठेवणारा मी मनातून म्हणत होतो, जुळवा, मामा, जुळवा काहीतरी.

"न्हाई माय," मामा म्हणाले. "आपण अर्ध्यातून उठलो व्हतो. मशीन बी बिघडलं नव्हतं. पुढलं समदं मी मनानं लावलेलं."

रस्ता ओलांडताना सानूने माझा हात धरला.

दीड महिना ती त्यांच्या पायरीवरून सरळ वर यायची. मामांनीही सांगणं सोडलं. बसमध्ये कुणी शेवट विचारला तर म्हणत, "बघून घ्या की राव, पैसे लागत्यात का मोबाइलवर?" वेल्डर मला चौकात भेटला तर म्हणाला, "साहेब, मामांना बरं नाही का? बसमध्ये हल्ली सगळे झोपतात." माझं म्हणणं खरं ठरलं होतं. पोराशी खोटं बोलू नये. ते खरं ठरल्याचा मला इतका पश्चात्ताप कधी झाला नव्हता.

परवा मी कंपनीतून आलो तेव्हा जिन्यात आवाज आला म्हणून थांबलो. सानू पायरीवर बसली होती, दप्तर पाठीलाच.

"मामा, ती एमआयडीसीतून सुटली, मग नदीला लागेपर्यंत कुठं राहिली?"

मामा म्हणाले, "आता ध्यानात न्हाई गं माय. आन् ते खरं बी नव्हतं."

"माहितीये मला. देवळात राहिली. ती पुजारीण तिला शिळी भाकरी द्यायची, आणि ती अर्धी पिल्लासाठी बांधून ठेवायची. तुम्हीच सांगितलं होतं."

"व्हय का?"

"हो. मग पुजारीण म्हणाली, पूर ओसरलाय, आता जा."

"मंग?"

सानू सांगत होती. एकही गाव तिने गाळलं नाही. मध्ये मागचं निघालं, कँटीनवाल्याचं नाव मामांना आठवेना, ते तिनेच सांगितलं. मी डबा हातात धरून खालच्याच वळणावर उभा राहिलो. वर जायला त्यांच्यामधूनच वाट होती. गोष्ट त्या दगडाजवळ आली, जिथे आई पिल्लाला लांबून दिसते, आणि तिथे सानू थांबली. मामांनी "मंग?" विचारलं नाही. ती सांगेल तेव्हा सांगेल, अशा बेताने ते बसून राहिले.