कासारणीची मिशी

"हात दे हिकडं. तोंडाचं काय काम न्हाई."

दुकानाची पायरी चढणाऱ्या प्रत्येक बाईला ती हे एकच वाक्य म्हणायची. वर बघायची नाही. हात हातात आला की अंगठ्याच्या मुळाशी दाबायची, चारी बोटं एकत्र मिटवायची आणि मग सांगायची, "तू शिंप्याची थोरली. बाळंतपणाची सूज हाय अजून." ते बरोबर निघायचं. गंगाखेडच्या बाजारगल्लीतल्या निम्म्या बायकांना ती चेहऱ्यानं ओळखत नव्हती आणि त्याचं तिला काही वाटत नव्हतं.

तिला मात्र सगळं गाव चेहऱ्यानंच ओळखायचं. कारण तिला मिशी होती.

लव म्हणतात ती नव्हे. तशी बऱ्याच जणींना असते. एसटीत शेजारच्या बाईच्या तोंडावर खिडकीतून ऊन पडलं की तुम्हीही ती पाहिली असेल आणि पाहिलं नाही असं दाखवलं असेल. ही काळीभोर, दोन्ही बाजूंनी ओठाच्या कोपऱ्यापर्यंत उतरलेली, व्यवस्थित मिशी होती. आमच्या शाळेच्या शिपायाला चाळिशी आली तरी तेवढी आली नव्हती. शिवाय हनुवटीवर दोन लांब केस होते. बांगडीचं माप ठरवताना ती त्यातला डावीकडचा बोटाला गुंडाळायची.

कुणी विचारलंच, "मिशी कशी गं आली?" तर ती म्हणायची, "उगवून." पुढे प्रश्न राहायचा नाही.

तिचं नाव मला माहीत नाही. सगळे तिला कासारीण म्हणत, मी मावशी म्हणायचे. तिचा नवराही बांगड्या भरायचा. किडकिडीत, कमी बोलणारा माणूस. गल्लीतलं दुकान ती सांभाळायची आणि तो बांगड्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन एसटीनं आठवडी बाजार करायचा. गाठोडं त्यानं कधी टपावर ठेवलं नाही. उभं राहायची वेळ आली तर पोटाशी धरून उभा राहायचा.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवायचे. त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरच्या सुमाराची गोष्ट. मी बावीस वर्षांची होते, आणि माझ्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत केस होते. दाट, काळे, एका दिशेला वळलेले. दोन स्थळं आली आणि गेली. दुसऱ्या मुलाची मावशी निघताना आईला म्हणाली, "मुलगी छान आहे हो. हात तेवढे वडिलांवर गेलेत." वडील दारातच उभे होते. त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं आणि आत जाऊन सदरा घातला.

त्यानंतर आईनं माझ्यासाठी मनगटापर्यंत बाह्यांचे चार ब्लाउज शिवून घेतले. तिसरं स्थळ सोनपेठच्या हायस्कूलमधल्या मास्तरांचं. ते आले, पोह्यांच्या दोन बशा खाल्ल्या, मला आवडता विषय विचारला आणि होकार देऊन गेले.

घरात सगळे खूश होते. मी नव्हते. त्या माणसानं माझ्या बाह्या पसंत केल्या होत्या. हात त्यानं पाहिलेच नव्हते. लग्नानंतर एक दिवस तो ते पाहणार होता, आणि त्या दिवशी त्याच्या तोंडावर काय दिसेल, याशिवाय मला दुसरं काही सुचत नव्हतं. मुलींना पाढे म्हणायला लावून मी खिडकीशी उभी राहायचे आणि तेच डोळ्यांपुढे आणायचे.

लग्नाला दोन दिवस असताना हैदराबादची आत्या आली. तिच्या पिशवीत चुना आणि हरताळाची पिवळी पूड होती. हैदराबादेत मोठ्या घरच्या बायका हेच लावतात, केस पुसल्यासारखे जातात, असं ती म्हणाली. किती वेळ ठेवायचं, असं आईनं विचारलं. आत्या म्हणाली, "एक पान खाऊन होईपर्यंत. आमच्याकडे घड्याळ नाही लावत त्याला." तिनं माझे दोन्ही हात लेपले आणि पान तोंडात टाकलं.

माप चुकीचं नसावं. पण प्रवासात आत्याची दाढ ठणकायला लागली होती. ती एकाच बाजूनं, थांबून थांबून चावत होती. मी दोनदा म्हटलं, "आत्या, आग होतेय." ती तोंड वर करून म्हणाली, "अजून पान आहे." पान संपलं तेव्हा केस गेले होते, आणि बरीचशी कातडीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कासारीण चुडा भरायला आली. तुम्हाला माहीतच आहे, या वेळी घरात बायका मावत नाहीत. तिनं पाटी उतरवली, पाय पुसले, हिरव्या बांगड्या मांडल्या आणि न बघता म्हणाली, "हात दे हिकडं." मी दिला. बाही वर सरकवताच ती थांबली. मनगटाच्या वर लाल, ओलसर, फोड आलेला हात होता. मला तिथंच मरून जावंसं वाटलं. तिनं बाही पुन्हा खाली ओढली आणि बायकांना म्हणाली, "बायांनो, सगळ्याजनी भाईर बसा. नवरीचा हात अवघड हाय, मला उजेड लागतो."

बायका गेल्या. तिनं आईकडून लोण्याचा गोळा मागून घेतला, दार लोटलं आणि माझ्या हातांवर लोणी लावत बसली. ती काही विचारीना, म्हणून मी रडायला लागले.

"रडायलीस कशाला? दुखायलंय का लाज वाटायलीय?"

"दोन्ही."

"दुखनं चार दिसांत जातंय," ती म्हणाली. दुसऱ्याबद्दल काही बोलली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "पंचवीस वरसं बायांचे हात धरायलेय. बिनकेसाचा हात मला घावला न्हाई. झाकलेले लय घावले."

"तुम्हाला लाज नाही वाटली कधी?" मी विचारलं. आणि मग ओशाळले, कारण मी तिच्या ओठाकडे बघत होते.

"वाटली की. मला का चामडं न्हाई?" ती म्हणाली. लग्न होऊन आली तेव्हा मिशी नुकती दिसायला लागली होती. सासूनं मोहल्ल्यातल्या चाचीला बोलावलं. ही चाची दोऱ्यानं केस काढून द्यायची. ती अंगणात येऊन बसली, दोरा दातात धरला. तेवढ्यात नवरा बाजाराहून आला. त्यानं काय चाललंय ते विचारलं. मग आईला म्हणाला, "दिवसभर बायांचे हात धरतो. सगळे सारखेच. घरी आलो की ही वळखू आली पायजे. ऱ्हाऊ दे."

"मग?"

"मग काय. चाची च्या पिऊन गेली."

एवढंच सांगून ती कामाला लागली. नेहमीच्या मापाच्या बांगड्या त्या हातांवर चढणं शक्य नव्हतं. तिनं दोन मापं मोठ्या घेतल्या आणि एकही कातडीला न घासता मनगटापर्यंत आणल्या. हात खाली सोडला असता तर चुडा जमिनीवर पडला असता. बायका आत आल्या आणि सैल चुड्याकडे बघायला लागल्या. माझी एक चुलती म्हणालीच, "अगं, हा तर गळायलाय."

"मास्तरीन हाय ती," कासारीण पाटी आवरत म्हणाली. "फळ्यावर लिवताना घट्ट चुडा फुटतो. शिकलेल्या पोरीस्नी सैलच भरतेत."

पुढची दोन-तीन वर्षं गंगाखेडात शिक्षिकांचा चुडा सैल भरायची पद्धत होती.

मी सोनपेठला गेले. पत्र्याची खोली, मे महिना. हात बरे झाले आणि केस परत आले, आधीपेक्षा राठ. मी मनगटापर्यंत बाह्यांत वावरत होते. नवराही विचित्र होता. घामानं चिंब व्हायचा, पण अंगातला बनियन काढायचा नाही. झोपतानाही नाही. मला वाटायचं, मास्तर आहेत, शिस्त असेल.

पहिल्याच आठवडी बाजारात कासारणीचा नवरा दिसला. लिंबाखाली चादर अंथरून बसला होता. मला बघून म्हणाला, "तिनं इचारलंय, बाह्या केवढ्या हायेत."

"मनगटापर्यंत," मी म्हटलं. त्यानं मान हलवली आणि गिऱ्हाइकाकडे वळला.

पुढच्या बाजारी पुन्हा तेच. "तिनं इचारलंय, बाह्या केवढ्या हायेत." पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्या बाजारी त्यानं जरा संकोचून विचारलं, "ती काई शिवायली का तुमच्यासाठी?" मी हो म्हटलं. त्याचं समाधान झालं.

एका रविवारी दुपारी मी कणीक मळत होते. बाही परातीत लोंबत होती. नवरा म्हणाला, "बाही वर कर की, पिठात चाललीय."

"राहू द्या."

"अगं, तुझे हात भरलेत म्हणून." असं म्हणून त्यानंच बाही धरली आणि घडी घालत घालत कोपरापर्यंत नेली. मी हात ओढून घेऊ शकले असते. घेतला नाही. लग्न ठरल्यापासून ज्याची भीती वाटत होती ते एकदाचं होऊन जाऊ दे, असं मला वाटलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

तो केसांकडे बघत नव्हता. भाजल्याचा पांढरट डाग होता, त्यावर त्यानं बोट ठेवलं. "हे कशानं?"

मी सगळं सांगितलं. बाह्या, चुना, हरताळ, आत्याची दाढ, सगळं. तो ऐकत बसला. मग म्हणाला, "लय दुखलं असंल." मग उठला, दाराची कडी लावली, बनियन काढला आणि माझ्यासमोर येऊन बसला.

"मोज," तो म्हणाला.

छातीवर सात केस होते. पाच एका बाजूला, दोन दुसऱ्या. मित्रांनी त्याला सांगितलं होतं, असली छाती बघून बायको दुसऱ्या दिवशी माहेरी जाते. लग्नाच्या आधी दोन महिने तो रोज एरंडेल चोळत होता. "तेव्हा पाचच होते," तो म्हणाला. मी हसले नाही. कणकीचे हात तसेच धरून बसले आणि मला त्याच्याबद्दल इतकी माया वाटली की कणीक वाळून गेली.

पुढच्या बाजारी मीच कासाराला म्हटलं, "मावशींना सांगा, कोपरापर्यंत." त्यानंतरच्या बाजारी त्यानं उत्तर आणलं, "ती म्हनली, बरं." आणि सोबत कागदात गुंडाळलेल्या बारा बांगड्या, माझ्या खऱ्या मापाच्या.

चार-पाच वर्षं असं चाललं. बाह्या कोपराच्याही वर गेल्या, मग निरोप थांबले. पण तो भेटायचा, तिची खुशाली सांगायचा. मग एका बाजारी लिंबाखाली तो नव्हता. पुढच्या तीन-चार बाजारांतही नाही. शेजारच्या पितळेच्या भांडीवाल्यानं सांगितलं, तापानं गेला, महिना झाला.

मी गंगाखेडला गेले. दुकानात एक बाई बसली होती. मोकळं कपाळ, मोकळे हात. दुकान आता दुसऱ्या कुणाकडे गेलं असेल, असं वाटून मी तिला विचारलं, "मावशी कुठं असतात?"

"हितंच हाय की," ती म्हणाली.

आवाजावरून मी ओळखलं. वरचा ओठ कोरा होता. हनुवटीवरचे केसही नव्हते. ती एखाद्या साध्या, थकलेल्या बाईसारखी दिसत होती, आणि हे मला फार लागलं. मी शेजारी बसले. लग्नघरी आता पुतणी जाते, असं ती म्हणाली. विधवेच्या हातून चुडा कोण भरून घेणार. दुकानात बसते, येणाऱ्या येतात.

"आणि मिशी?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"काढली. चाचीची सून येते, पंधरा दिसाला एकदा."

"कशाला पण?"

तिनं हातातली बांगडी पुसून दोरीला लावली. "गल्लीतल्या बाया आल्या, बांगड्या फोडल्या. कुंकू पुसलं. डोरलं काढलं. जे जे ह्यांचं व्हतं ते समदं उतरवलं त्यांनी." मग पदराचं टोक उचलून तिनं तोंडावर धरलं. "हिच्याकडं कुनाचं ध्यानच गेलं न्हाई. ही बी ह्यांचीच व्हती की. मग माझी मीच उतरवली."

मिशी होती तेव्हा इतक्या वर्षांत, भर बाजारात, मी तिला कधी तोंडावर पदर घेताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मी उठून पायरी उतरेपर्यंत तिनं तो खाली केला नाही.