झऱ्यावरचं पडीक खाचर

बयाबाईनं झऱ्यावरच्या खाचरात सोन्याचा हंडा पुरलाय, अशी तिकोणा पेठ गावात आवई उठली होती. नाहीतर सगळ्यात गुणाचं भातखाचर दोन वर्षं पडीक ठेवून तिथं नुसतं गवत कोण वाढवील? हंडा असता तर बाईनं लुगड्याला सतरा ठिगळं का लावली असती, हे मात्र कुणी विचारलं नाही.

खरी गोष्ट एका पोत्याची. तिचा भाचा दत्तोबा पुण्याहून विलायती खत घेऊन आला, मिठासारखं पांढरं. "मावशी, आता शेण-पाला जाळून राब भाजायची कटकट न्हाई!"

श्रावणात बयाबाईनं त्यातलं अर्धं झऱ्यावरच्या खाचरात पसरलं आणि सासूनं शिकवल्याप्रमाणे बांध फोडून पाणी खाली सोडलं. शेणखत होतं तोवर ही रीत बरोबरच होती. शेण चिखलाला धरून राहायचं. हे पांढरं विरघळलं आणि पाण्याबरोबर पसार झालं. वाटेत झऱ्याचं कुंड. भात पिवळं ते पिवळंच राहिलं. हिरवं झालं ते कुंड! पाऊस ओसरल्यावर शेवाळ असं माजलं की म्हशीनं हुंगून तोंड फिरवलं.

आळीचं उन्हाळ्याचं पाणी तेवढंच. बयाबाई चार दिवस कुंडात उतरून शेवाळ उपसत होती. खाचर सासऱ्यानं दिलं, पण झरा कुणी दिला, हे तिच्या मनातून जाईना. ज्याचा कुणी धनी नाही, त्याचं नुकसान भरून कुणाला द्यायचं?

उरलेलं अर्धं पोतं तिनं फेकलं नाही. एवढी खुळी ती नव्हती. पुढच्या पावसात झऱ्याच्या खालच्या अंगाला, आपल्या दुसऱ्या खाचरात घातलं आणि आठ दिवस कुणाला बांधाला हात लावू दिला नाही. तिथं भात कमरेला लागलं. वरच्यात मात्र गवत राखलं, डोंगराचं पाणी त्यात थबकून, गाळून खाली यावं म्हणून. त्यापायी फाल्गुनातच तिची भाताची कणगी रिकामी झाली. घरात नाचणीची भाकरी सुरू झाली.

कुंड मात्र गवत राखल्याच्या दुसऱ्या वर्षी, चैत्रात, तळ दिसेल इतकं नितळ होतं. तिथं बैल पाजायला आलेला शेजारचा नथू ओंजळीनं पाणी पीतपीतच म्हणाला, "काय मावशी, हंडा हाय का जागेवर? लय गुनाचं खाचर गवताला दिलंस. तेवढं भात बुडालंच की गं!"

"व्हय, बुडालं," बयाबाई म्हणाली. "पर भात पिकवून शिजवायचं कशात रं नथ्या? तुज्या बडबडीत?"